भाड्याचं जॅकेट, विकतचे थर्मल आणि कॅम्प रँडलचा बाक

ज्यांची पोरं अमेरिकेत त्या मधल्या गारठलेल्या पट्ट्यात शिकायला आहेत, म्हणजे विस्कॉन्सिन, मिशिगन, इलिनॉय, इंडियाना वगैरे, आणि जे "नोव्हेंबरात तिकीट जरा स्वस्त मिळतंय, जाऊन येऊ" म्हणून निघतात त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. दुकानाचा आहे, कपड्यांचा आहे आणि थोडा त्या मॅचचाही आहे, कारण घरात आरशासमोर घालून बघितले तर सगळेच गरम कपडे चांगले वाटतात, खरी परीक्षा कॉलेज फुटबॉलच्या मॅचला होते. फुटबॉल म्हणजे त्यांचा, बॉल छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं तो. मॅच सकाळी अकराला, त्याआधी साडेसातपासून गाड्यांच्या डिक्या उघडून, शेगड्या पेटवून खाणंपिणं, ते टेलगेटिंग, आणि मग साडेतीन तास उघड्या स्टेडियममध्ये बाकावर. म्हणजे अख्खा दिवस उघड्यावर आणि तापमान शून्याखाली.

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच निघू शकतात. जॅकेट भाड्याने घ्या, चालतं. थर्मल विकत घ्या. बूट भाड्याने अजिबात घेऊ नका. आणि घरात जेवढी चर्चा जॅकेटवर होते त्याच्या निम्मी तरी बुडाखाली काय घेणार आणि पायाखाली काय टाकणार यावर करा, कारण मॅचमध्ये थंडी वरून येत नाही, खालून येते. हे मुंबईत कुणी सांगत नाही, दुकानदार तर नाहीच नाही.

आम्ही गेलो मॅडिसनला. भाची, माझ्या भावाची मुलगी सई, तिथे विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत एमएस करते. मॅच २९ नोव्हेंबर २०२४ ची, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवारी, विस्कॉन्सिन विरुद्ध शेजारच्या राज्यातलं मिनेसोटा. आम्ही निघालो तेव्हा मुलुंडला घरात पंखा चारवर होता. आपल्याला थंडीचा अनुभव तो काय, सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं, आणि इथे पारा सतराला आला की सोसायटीतले काका मफलर गुंडाळून वॉकला निघतात. मॅडिसन दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय, वारा असा मोकळा येतो की विचारू नका.

आता दुकान. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाता येईल असं, पहिल्या मजल्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थंडीचे कपडे भाड्याने देणारी अशी दुकानं आता मुंबईत बरीच झालीत आणि जे मी खाली लिहितेय ते तुम्हाला कुठल्याही दुकानात तपासून घेता येईल. आत शिरलं की डांबरगोळ्यांचा वास, दोन्ही बाजूला छतापर्यंत जॅकेटं टांगलेली, आणि एसी एकदम फुल, तो बहुतेक धंद्याचाच भाग असावा कारण तिथे जॅकेट घालून बघताना घाम येत नाही आणि सगळंच बरोबर बसल्यासारखं वाटतं. भाव दिवसावर असतो पण जास्त दिवसांसाठी ठोक बोला, आम्हाला दोन जॅकेटं, दोन जोड बूट आणि हातमोजे मिळून साडेचार हजारात जमलं, डिपॉझिट वेगळं. घासाघीस होते, लाजू नका, समोरचा आधी "ताई, फिक्स रेट आहे" म्हणेल आणि तुम्ही जिन्यापर्यंत पोचलात की हाक मारेल.

दुकानातला मुलगा बोलायला चांगला होता, कामाचाही होता, साइज अचूक सांगायचा, पण त्याच्या सगळ्या उत्तरांचा शेवट मनालीला व्हायचा. "मॅडम हेच जॅकेट सगळे मनालीला नेतात, सोलंगला बर्फात लोळतात, काही होत नाही." मी विचारलं की एका जागी बसून राहायचंय तीन-चार तास, त्यावर म्हणाला मग तर काय टेन्शनच नाही, बसायचंच तर आहे. इथेच सगळी गोम आहे. बर्फात लोळणारा माणूस हलत असतो, त्याचं अंग स्वतःच गरम होत असतं, अर्ध्या तासाने तो हॉटेलात जाऊन चहा पितो. बाकावर बसलेल्या माणसाचं अंग काहीच गरम करत नाही, जेवढी ऊब घेऊन आलात तेवढीच पुंजी, ती हळूहळू झिरपत जाते. भाड्याचे सगळे सेट मनालीच्या हिशोबाने लावलेले असतात, वर भलंमोठं फुगीर जॅकेट आणि खाली सगळा आनंद.

जॅकेटबद्दल मात्र तक्रार नाही. लांबी मांड्यांपर्यंत, हुडला फर, वारा आत येत नव्हता. माझ्याची चेन खालून तीन बोटांवर अडकायची, ती मी मुलुंडलाच मेणबत्ती घासून सरळ केली, नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशात कुणाचं तरी रोहतांगचं पार्किंगचं चिठोरं निघालं. धुतलेलं होतं एवढं नक्की. हुडची साइज मोठी घ्या कारण आत टोपी येणार, आणि जॅकेटही एक नंबर मोठं, कारण आत दोन थर बसले पाहिजेत आणि थरांच्या मध्ये हवा राहिली पाहिजे, ऊब ती हवा धरते, कापड नाही. घट्ट जॅकेटमध्ये फोटो चांगला येतो, बाकी काही नाही.

थर्मल आम्ही डेकॅथलॉनमधून घेतले, वरचा-खालचा मिळून माणशी सव्वा हजाराच्या आत पडले, आणि या सगळ्या खरेदीत पैसे वसूल झालेली पहिली वस्तू हीच. पातळ असतात, हातात घेतल्यावर विश्वास बसत नाही की हे काही करणार आहे. कॉटनचे घेऊ नका हे मात्र पाठ करून ठेवा. आपल्याकडे सगळ्यांच्या घरात ते जुने जाड क्रीम कलरचे सुती थर्मल असतात, बाबांच्या काळातले, आणि निघायच्या आधी कुणीतरी ते कपाटातून काढून देतंच. सुती कापड घाम धरून ठेवतं. तुम्ही पार्किंगपासून सगळं सामान घेऊन चढ चढता, आत घाम येतो, मग बाकावर बसता आणि तोच घाम गार पडतो. नवऱ्याने हट्टाने आतून सुती बनियन घातलेलं, दुसऱ्या क्वार्टरला पाठीला ओलं फडकं लावल्यासारखं होतंय म्हणून कुरकुर सुरू झाली, ती पार घरी येईपर्यंत. थर्मल, त्यावर फ्लीसचा किंवा लोकरीचा एक थर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, बस. परळला थंडीत तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागतो तिथला माझा जुना लोकरी स्वेटर मधल्या थराला घातला, उत्तम चालला.

टेलगेटिंगला कपड्यांची अर्धीच परीक्षा होते कारण तिथे माणूस हलतो. पण ते बघण्यासारखं आहे. कॅम्प रँडल हे स्टेडियम गावाच्या आत, घरांना लागून आहे, यादवी युद्धाच्या काळात तिथे सैनिकांची छावणी होती त्यावरून नाव, आणि आत्ताचं स्टेडियम १९१७ पासूनचं. आजूबाजूच्या गल्ल्यांमधले लोक मॅचच्या दिवशी आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. सई आणि तिच्या मित्रमंडळींनी असंच एका आजोबांचं अंगण धरलेलं, आजोबा स्वतः लाल रंगाची पट्ट्यापट्ट्यांची बिब, म्हणजे छातीपर्यंत येणारी खांद्यावर पट्टे असलेली विजार, घालून गेटवर उभे, गाड्या अशा काही लावून घेत होते की आमच्या स्टेशनबाहेरच्या पार्किंगवाल्याने शिकावं. सगळा रस्ता लाल-पांढरा. दर चार पावलांवर शेगडी आणि शेगडीवर ब्रॅटवर्स्ट. हे जर्मन पद्धतीचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, विस्कॉन्सिनचं लाडकं, बिअर आणि कांद्यात उकळून मग निखाऱ्यावर भाजतात आणि लांबड्या पावात मोहरी लावून देतात. जे खातात त्यांनी खाऊन बघावं, पहिला घास गरम असतो तोपर्यंत स्वर्ग आहे. जे खात नाहीत त्यांनी चीज कर्ड मागावेत, ताज्या चीजचे गोळे, चावले की दाताखाली चुईचुई वाजतात.

आपल्या पोरांचा बेत मिसळीचा होता. आदल्या रात्री उसळ करून ठेवलेली, तिथे नुसती गरम करून कट वेगळा उकळायचा. तर त्यांच्याकडची शेगडी ती टेबलावर ठेवायची, आडवी छोटी कॅन घालायची, पेटली, निळी ज्योत आली, आणि पाचच मिनिटांत बारीक होत होत विझली. परत पेटवली, परत तेच. कॅन भरलेली, हलवली की आत आवाज येतोय, पण गॅस बाहेर यायला तयार नाही. त्या कॅनमध्ये ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळपास गेला की वायू व्हायचंच सोडतो, द्रव होऊन बसून राहतो. शेजारच्या गाडीवाल्यांकडे प्रोपेनचा सिलिंडर, तो उणे चाळीसपर्यंत काम करतो, त्यांची शेगडी ढणाढणा चालू. सई जाऊन बोलली, त्यांनी अर्धी शेगडी आम्हाला मोकळी करून दिली आणि मग ब्रॅटच्या शेजारी मिसळीचं पातेलं चढलं. बदल्यात त्यांना मिसळ. त्यातल्या एका बाईंनी तीन वेळा घेतली, फरसाण निराळं खाल्लं, कट नको म्हणाल्या आणि मग कटच मागितला. उणे तापमानात मिसळ हा प्रकार काय लागतो हे आपल्या ठाण्या-पुण्याच्या मिसळवाल्यांना कळलं तर ते तिकडे शाखा काढतील. वरची तर्री झाकणासारखी राहते, खालचं गरमच राहतं. उलट शिरा नेऊ नका, कागदी डिशमध्ये वाढेवाढेपर्यंत वरचं तूप पांढरं होऊन गोठलं आणि शिऱ्याची वडी झाली. पाव दगड. थर्मासमधला चहा मात्र तीन तास टिकला, आणि तो स्टेडियमच्या दाराबाहेरच संपवावा लागला कारण बाहेरचं खाणंपिणं आत नेता येत नाही.

पोरं बिअर पीत होती आणि "अगं आत्या, थोडी घे, गरम वाटतं" चाललेलं. वाटतं हे खरं, कारण दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरम रक्त वर येतं, पण तीच ऊब तिथून बाहेर पळते. ज्या मुलाने सर्वात जास्त घेतली तोच हाफटाइमला कुडकुडत बाथरूमच्या पॅसेजमध्ये उभा होता. असो, मी आत्या आहे, त्यांच्या आईला काही सांगणार नाही.

निघताना शेजारच्या त्या गाडीवाल्यांनी आमच्या पायांकडे बघितलं आणि पिझ्झाचे दोन रिकामे खोके फाडून हातात दिले, म्हणाले पायाखाली टाका. मला वाटलं कचरा आमच्याकडे ढकलतायत. नवऱ्याने घडी घालून काखेत मारले.

आत जाताना बॅगेचं बघा. पारदर्शक पिशवीच चालते, बारा बाय सहा बाय बारा इंचाच्या आतली, आपली पर्स म्हणजे ती चामड्याची खणांची वगैरे गाडीतच ठेवावी लागते. तिकीट फोनवर असतं, आणि ही महत्त्वाची गोष्ट, फोनची बॅटरी थंडीत झोपते. सईचा फोन रांगेत असतानाच चाळीस टक्क्यांवरून बंद झाला, तिने छातीशी आतल्या खिशात धरून गरम केला तेव्हा चालू झाला. फोन बाहेरच्या खिशात ठेवूच नका आणि सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये ठेवू नका.

आता बाक. कॅम्प रँडलमध्ये साधारण ७६ हजार माणसं बसतात, आपल्या वानखेडेच्या दुपटीहून जास्त, आणि बहुतेकांना बसायला ॲल्युमिनियमचे लांबच लांब बाक. पाठ टेकायला काही नाही. ॲल्युमिनियम उष्णता किती पटकन ओढून नेतं हे सांगायला पुस्तक नको, पहिल्या दोन मिनिटांत समजतं. अंगात थर्मल, वर जीन्स, वर जॅकेटची लांबी, सगळं दाबलं जातं बुडाखाली, आणि दाबलं की मधली हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. भाड्याचं जॅकेट कितीही फुगीर असो, बसता तिथे ते पापडासारखं चपटं होतं. आम्ही सईच्या सांगण्यावरून तिथल्याच दुकानातून फोमच्या दोन चौकोनी गाद्या घेतलेल्या, बंद पेशींचा फोम, योगामॅट असते ना त्याच जातीचा पण जाड, दहा-दहा डॉलरच्या. मला विचाराल तर या सगळ्या सामानात एक नंबर तोच. मुंबईत योगामॅट कापून दुहेरी घडी करून नेली तरी तेच काम होईल, वजन नाही, बॅगेत आडवी बसते.

आणि पायाखाली काँक्रीट. पिझ्झाच्या खोक्याचा शोध मला तिथे लागला. नवऱ्याने तो पायाखाली टाकला, मी आधी नाही टाकला कारण खोक्याला चीज लागलेलं होतं, आणि वीस मिनिटांनी माझे तळवे बधिर आणि हा मजेत "फर्स्ट डाउन, फर्स्ट डाउन" करत बसलेला. टाकल्यावर फरक पडला, जादू नाही, पण दुखायचं थांबलं. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांमध्ये हवा अडकलेली असते तेवढीच. आमच्या पुढच्या रांगेतल्या सगळ्या जुन्याजाणत्या लोकांच्या पायाखाली काही ना काही होतंच, पुठ्ठा, जुनी सतरंजी, एकाकडे थर्माकोलचा तुकडा.

तरी पाय वाचले नाहीत, आणि त्याला कारण भाड्याचे बूट. दिसायला दणकट, घोट्याच्या वर, आत फर. पण ती फर शेकडो पायांनी तुडवून चपटी चटई झालेली, सोल झिजलेला, आणि डाव्या बुटाच्या शिवणीतून पाणी शिरत होतं, अंगणातलं दव आणि थोडा विरघळलेला बर्फ तेवढ्याने मोजा ओला. दुकानात मी विचारलेलं की वॉटरप्रूफ आहेत का, "शंभर टक्के मॅडम". दुसरं म्हणजे त्या मुलाने सांगितलेलं की दोन मोजे घालायचे. नेमक्या मापाच्या बुटात दोन मोजे कोंबले की पाय आवळला जातो, रक्त खाली पोचत नाही आणि पाय उलट लवकर गार पडतो. एकच जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलवता येतील एवढी जागा, हे बरोबर. बूट म्हणून स्वतःचे घ्या, एक नंबर मोठे, महाग नको, पण जाड सोलचे आणि न तुडवलेले. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट तसाही आपल्या पायाला बसत नाही.

हातमोजे पाच बोटांचे मिळाले, ठीकठाक. जमलं तर चार बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना गरम ठेवतात. फोन वापरता यावा म्हणून ते टचवाले पातळ मोजे मिळतात ते नुसते आत घालायला बरे. हँड वॉर्मरची पाकिटं तिथल्याच कुठल्याही दुकानात स्वस्त मिळतात, मुंबईतून ऑनलाइन तिप्पट पैसे देऊन नेऊ नका. आत लोखंडाचा भुगा, मीठ, कोळशाची पूड असते, पाकीट फोडलं की हवा लागून लोखंड गंजायला लागतं आणि त्या गंजण्याने गरम होतं, सात-आठ तास. म्हणजे हवा लागलीच पाहिजे. हातातलं वॉर्मर बुटात कोंबलं की तिथे हवा नसते, ते गप्प बसतं, पायाची वेगळी चपटी मिळतात ती घ्या. उघड्या कातडीला चिकटवू नका, भाजतं. आणि मॅच लवकर सोडून निघालात तर ती घट्ट झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, गंजणं थांबतं, दुसऱ्या दिवशी उघडली की परत चालू. हे आम्ही केलं, सई पुढे आठवडाभर बस स्टॉपवर तीच वापरत होती.

कानटोपी! आईने जबरदस्तीने बॅगेत घातलेली, ती चॉकलेटी माकडटोपी, फक्त डोळे उघडे राहतात ती. त्या दिवसातली दुसरी सर्वोत्तम वस्तू. सईला लाज वाटत होती, "आत्या प्लीज काढ ना, माझे प्रोफेसर दिसले तर", पण तिसऱ्या क्वार्टरला वारा सुटला आणि तीच म्हणाली पाच मिनिटं दे. परत मिळाली ती मॅच संपल्यावर. शेजारच्या एका माणसाने ही कुठून घेतली विचारलं, आता त्याला दादरची रानडे रोड कशी समजावणार.

मॅचबद्दल थोडं, कारण कळली नाही तर थंडी जास्त वाजते. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे एक तास, असं कागदावर. प्रत्यक्षात घड्याळ सारखं थांबतं, टीव्हीच्या जाहिरातींसाठी लाल कपड्यातला माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि सगळे खेळाडू नुसते उभे, मधली सुट्टी वीस मिनिटं, असे सव्वातीन-साडेतीन तास होतात. नियम एवढाच लक्षात ठेवा की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर परत चार मिळतात, पार टोकाला पोचलात तर सहा, मग एक किकचा. मध्येच अडकून लाथ मारून खांबातून घातली तर तीन. हाफटाइमला बाकावर बसून राहू नका, उठून खालच्या पॅसेजमध्ये फिरा, पाय चालले पाहिजेत.

विस्कॉन्सिन-मिनेसोटा ही १८९० पासूनची जोडी आहे, वरच्या श्रेणीतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एवढ्या वेळा दुसरे कुठलेही दोन संघ भिडलेले नाहीत. जिंकणाऱ्याला १९४८ पासून एक भलीमोठी कुऱ्हाड मिळते, तिच्या दांड्यावर आजवरचे सगळे स्कोअर लिहिलेले. त्याच्या आधी काय द्यायचे माहितीय का, लाकडाची एक फळी, स्लॅब ऑफ बेकन नावाची. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ फोडाफोडीत जिंकलं तर नारळ तरी घरी येतो.

खेळ आमच्या बाजूने काही झाला नाही. मिनेसोटा २४, विस्कॉन्सिन ७. याच पराभवामुळे विस्कॉन्सिनची हंगामानंतरच्या बोल मॅचला जायची २००२ पासून न चुकलेली परंपराही तुटली, म्हणून मागच्या रांगेतले एक आजोबा एवढे हताश झाले की त्यांनी सिगार काढली आणि मग नियम आठवून परत खिशात ठेवली. पण तिसरा क्वार्टर संपून चौथा सुरू व्हायच्या आधी जे होतं त्यासाठी तिकिटाचे पैसे दिले असं समजा. १९९८ पासूनची पद्धत आहे, स्पीकरवर एक ठरलेलं गाणं लागतं आणि अख्खं स्टेडियम जागच्या जागी उड्या मारतं. हरत असले तरी मारतात. बाक थरथरतो, पायाखालचं काँक्रीट हलतं, आणि मी दोन-अडीच मिनिटं उड्या मारल्यावर दिवसभरात पहिल्यांदा माझ्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या, म्हणजे ती आहेत हे कळलं. नवऱ्याचं बनियन पुन्हा ओलं झालं ते वेगळं.

मॅच संपल्यावर मिनेसोटाची पोरं कुऱ्हाड घेऊन गोलपोस्टकडे धावली, जिंकणाऱ्याने खांब तोडल्याचं नाटक करायचं अशी रीत आहे, आणि विस्कॉन्सिनवाले खांबाला गराडा घालून उभे, मग धक्काबुक्की. आमच्या आजूबाजूचे लोक एवढा वेळ गप्प होते ते त्यात पुन्हा गरम झाले. त्यानंतर कॉलेजचा बँड मैदानात वाजवत राहतो, त्याला पाचवा क्वार्टर म्हणतात, हरले तरी वाजवतात. आम्ही थोडा ऐकला आणि निघालो, माझा डावा पाय आता माझं ऐकत नव्हता.

परत आल्यावर दुकानाचा दुसरा अंक. जॅकेटं बिनबोभाट परत घेतली. बुटांवर मात्र "ताई, शिवण उसवलीय, तुमच्याकडून झालंय" म्हणून डिपॉझिटमधून आठशे कापायला निघाले. मी नेतानाच घरी आल्यावर बुटांचे फोटो काढलेले, शिवण दिसेल असे, तारखेसकट, ते दाखवले. मग मालक स्वतः आले, चहा मागवला, तीनशेवर आले. मी चहा प्यायले आणि तीनशेही दिले नाहीत. नवऱ्याच्या जॅकेटवर बाहीला तर्रीचा डाग पडलेला तो त्यांना दिसला नाही आणि मीही दाखवला नाही.

तेव्हा भाड्याने घेणाऱ्यांनी दुकानातून निघायच्या आधीच, काउंटरवरच, सगळ्या चेन, शिवणी आणि सोल यांचे फोटो काढा आणि तिथल्या तिथे त्यांच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. पावतीवर डिपॉझिटचा आकडा आणि परत द्यायची तारीख दोन्ही लिहून घ्या, विमान लेट झालं तर दिवसाचा जादा दर किती लागेल तेही, कारण तो ते तोंडी एक सांगतात आणि लावतात वेगळा. ऑक्टोबरच्या आतच जा, दिवाळीच्या सुट्टीत सगळी मुंबई मनालीला निघते आणि मग एक्सएल शिल्लक राहत नाही.